दागिने मोडण्याआधी नाव पारखून घ्या

माठ घ्यायचा तर आपण तो बोटाने वाजवून पाहतो. नारळ कानाशी धरून हलवतो. जुनी शिवणाची मशीन विकत घ्यायची म्हटली, तर चिंधीवर दोन टिपा मारून बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. पण घरात जुनी मच्छीमार नाव घ्यायचं चाललं, की बायकांनी चहा आणून ठेवायचा आणि आत जायचं! "तुला काय कळतंय त्यातलं?" असं म्हटलं की विषय मिटला. मग चार दिवसांनी इसाराची रक्कम पुरी होत नाही, आणि तेव्हा मात्र हाक येते, "अगं, कपाटाची किल्ली कुठं ठेवलीस?"

सातपाटीपासून वेंगुर्ल्यापर्यंत आपल्या किनाऱ्यावर ज्या घरांचं पोट दर्यावर आहे, तिथं नाव ही बहुधा सगळ्यांत मोठी खरेदी असते. नवी यांत्रिक नाव बांधायची तर लाखांवर लाख लागतात. म्हणून धाकटा भाऊ वेगळा झाला, किंवा दुसऱ्याच्या नावेवर वर्षानुवर्षं राबणाऱ्या माणसाला स्वतःचं काही असावंसं वाटलं, की पहिली नाव पुष्कळदा कुणाची तरी वापरलेलीच असते. त्यात कमीपणा काही नाही. चांगली राखलेली जुनी नाव एका घराला वर आणते. वाईट नाव त्याच घराला दर महिन्याला थोडं थोडं खाली नेते; आणि खाली जाताना पहिल्यांदा जातात त्या आपल्या पाटल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्याला इंजिन खोलता आलं पाहिजे असं कुणी म्हणत नाही. पण ज्या वस्तूत आपलं सोनं जायचं, ती वस्तू कशी पारखतात एवढं ठाऊक असायला काय हरकत आहे? बाजारात मावरं विकून हिशेब ठेवणारी, उधारी वसूल करणारी कोळीण हे काम पुरुषांच्या बरोबरीने करू शकते. आणि नोकरदार घरातल्या ज्या बाईचे यजमान मामेभावाच्या नावेत भागी घालायला निघाले आहेत, तिला तर हे माहीत असणं आणखी गरजेचं.

आधी घरातला हिशेब

नाव बघायला निघण्यापूर्वी घरात बसून एक गोष्ट ठरवा. नाव कशासाठी हवी? किनाऱ्याजवळ सकाळी जाळं टाकून दुपारपर्यंत परत यायचं, की बर्फ भरून चार-आठ दिवस बाहेर राहायचं? पहिल्या कामाला दोन-तीन माणसांची फायबरची होडी आणि मागे लावायचं लहान यंत्र पुरतं. दुसऱ्याला मोठी नाव, आतलं डिझेल इंजिन, तांडेल, खलाशी असा सगळा संसार लागतो. स्वस्तात मिळते म्हणून मोठी नाव घेतली आणि ती चालवायला माणसंच नाहीत, असं होऊ नये.

विकणारा सांगतो ती नावेची किंमत. चालवण्याची किंमत वेगळीच असते. डिझेल, बर्फ, शिधा, जाळ्यांची डागडुजी, रंग आणि हंगामाच्या आधी खलाशांना द्यावी लागणारी उचल. ही उचल पुष्कळजणी विसरतात. नाव आली, जाळी आली, पण उचल द्यायला पैसा नाही म्हणून खलाशी दुसऱ्या नाखव्याकडे गेले, तर नाव बंदरातच झुलत बसते.

म्हणून साधा नियम करावा. हाताशी जेवढा पैसा आहे तेवढ्याची नाव घ्यायची नाही. निदान पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी आणि त्याशिवाय पहिल्या दोन-तीन फेऱ्यांचा खर्च बाजूला काढायचा, आणि उरेल त्यात बसणारी नाव शोधायची. जुन्या नावेत पहिल्याच वर्षी काही ना काही निघतं. ते निघणारच असं धरून चालावं.

नाव दोनदा बघायची

साडी उन्हात एकदा आणि दिव्याखाली एकदा बघतात, तशी नाव एकदा जमिनीवर आणि एकदा पाण्यात बघावी लागते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नावांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत नावा वर ओढून शाकारलेल्या असतात. नावेचा तळ बघायला याच्याइतकी चांगली वेळ नाही. पण त्या दिवसांत ती समुद्रात नेऊन चालवून बघता येत नाही. उलट हंगाम सुरू झाला की चालवून बघता येते, पण तळ पाण्याखाली.

म्हणून पावसाळ्यात नाव पसंत केली, तर बोलणी करावीत, कागद बघावेत. पण पुरी रक्कम नाव पाण्यात चालवून बघितल्यावरच द्यायची, असं आधीच लिहून घ्यावं. "नारळी पौर्णिमेआधी सगळे पैसे द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे," असं विकणारा म्हणाला, तर खुशाल दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ द्या.

लाकूड वाजवून बघा

नाव बघायला जाताना आपल्या विश्वासातला सुतार बरोबर न्यायचा. विकणाऱ्याने आणलेला नव्हे. त्याला दिवसाची मजुरी द्यायला कुरकुरू नये. तो काय बघतो ते शेजारी उभं राहून आपणही बघावं.

तो लहान हातोडीने फळ्या ठोकत जाईल. चांगलं लाकूड टणक वाजतं. आतून कुजलेलं लाकूड मातीच्या भरलेल्या मडक्यासारखं बद्द वाजतं. जिथं आवाज बदलतो, तिथं टोच्या रुतवून बघायचा. सहज आत गेला, तर फळी गेलेली. पाण्याची पातळी जिथं येते ती रेघ, इंजिनाखालचा भाग, मासे आणि बर्फ ठेवायचे खण, फळ्यांची टोकं, ह्या जागा मुद्दाम बघायच्या. गोडं पाणी जिथं साचून राहतं तिथं लाकूड लवकर कुजतं. त्यामुळे बर्फाच्या खणाचा तळ वाकून बघितल्याशिवाय परतायचं नाही.

दुसरा शत्रू समुद्रातला. लाकूड पोखरणारा एक जीव आहे. आपण त्याला किडा म्हणतो, पण तो खरा शिंपल्याच्या गोत्रातला. अगदी लहान असताना तो लाकडात शिरतो, म्हणून बाहेरचं भोक टाचणीच्या डोक्याएवढंच असतं. पण आत वाढत वाढत तो लांब बोगदे करतो. बाहेरून फळी धडधाकट, आतून चाळणी! म्हणून तळाला अशी बारीक भोकं दिसली, तर सुताराला तिथं खोलवर तपासायला सांगावं.

खिळ्यांभोवती काळे-तांबडे ओघळ दिसले, तर लोखंड गंजलंय आणि भोवतालचं लाकूड मऊ पडलंय. नावेच्या मागे उभं राहून तळाच्या कण्याची रेघ नजरेने बघा. ती दोन्ही टोकांना खाली झुकलेली दिसली, तर नाव थकली आहे. फळी बदलता येते; कणा बदलणं म्हणजे जवळजवळ नवी नाव बांधणं.

नुकताच दिलेला झकास रंग बघून भुलायचं नाही. मुलगी बघायला आलेल्यांना घराची नवी सफेदी दाखवतात, त्यातलाच तो प्रकार. लाकडी नावेवर फायबरचा थर चढवलेला असेल, तर आणखी जपून. चांगल्या लाकडावर तो थर संरक्षण देतो. कुजक्या लाकडावर तो नुसता पडदा असतो. आतल्या बाजूने लाकूड बघू द्या म्हणावं.

वादळांचाही प्रश्न विचारायचा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळाने कोकण किनाऱ्यावर कितीतरी नावांची मोडतोड झाली. "वादळात ही नाव कुठं होती? काय काय मोडलं? कुणी दुरुस्त केलं?" हे सरळ विचारावं. दुरुस्त केलेली नाव वाईटच असते असं नाही. दुरुस्ती लपवलेली नाव वाईट.

उन्हात बराच काळ उभी असलेली लाकडी नाव पाण्यात उतरवली, की पहिल्या दिवशी थोडं पाणी घेते. त्याने घाबरू नये. वाळून आकसलेलं लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. पण तीन-चार दिवसांनीही सारखा पंप लावावा लागत असेल, तर ती नाव तिथंच सोडून यावी.

फायबरच्या होडीला कुजणं नाही, तरी रोग आहेत. तळाला भाजल्यासारखे फोड आले असतील, तर थरांत पाणी शिरलंय. नाण्याने ठोकत जावं. मध्येच पोकळ आवाज आला, तर थर सुटलेत. फळीवर पाय देऊन बघावं. पायाखाली दबत असेल, तर आतला गाभा गेलेला. आणि मागची बाजू, जिथं यंत्र लटकतं, तिथं तडे आहेत का ते डोळ्यांत तेल घालून बघावं, कारण सगळा ताण तिथंच येतो.

इंजिन थंड असताना गाठा

इंजिन बघायला सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी जावं आणि पहिल्यांदा त्यावर हात ठेवावा. ते आधीच गरम असेल, तर आपण येण्यापूर्वी ते चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते सुरू व्हायला त्रास देत असणार. "गार होऊ दे, आम्ही थांबतो," म्हणावं आणि बसून राहावं. बसून राहणं आपल्याला चांगलं जमतं!

सुरू करण्यापूर्वी तेल मोजायची पट्टी काढायला सांगा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर तेलात पाणी शिरलंय आणि खर्च मोठा आहे. मग धूर बघा. वातीचा स्टोव्ह ज्यांनी वापरला आहे त्यांना धुराची भाषा नवी नाही. सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो. तो गरम झाल्यावरही थांबला नाही, तर काहीतरी बिघडलंय. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल खातंय. सारखा काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा इंजिनावर झेपणार नाही इतका भार पडतोय. डिझेल नीट न जळणं म्हणजे आपले पैसे धुरावाटे जाणं.

बंदरात पाच मिनिटं सुरू करून दाखवलेल्या इंजिनावर विश्वास ठेवू नये. निदान तासभर समुद्रात पूर्ण वेगाने चालवायला लावावं. पुढचा-मागचा गिअर घालून बघावा, सुकाणू दोन्ही बाजूंना पुरतं वळवून बघावं. नाव थरथरते का, कुठं खडखड येते का, ते तांडेलाला लगेच कळतं. परत आल्यावर तळात किती पाणी साचलंय ते बघायचं. नाव जमिनीवर असेल तेव्हा पंखा हाताने हलवून बघायचा. तो वर-खाली डुलत असेल, तर दांडा झिजलाय.

जाळी, नांगर, दोर, रेडिओ, दिवे यांतलं काय किमतीत धरलंय, याची यादी कागदावर करून दोघांनी सही करावी. आणि माणशी एक जीवरक्षक जाकीट आहे की नाही, हे आपण बायकांनीच मोजावं. नसतील तितकी पहिल्या दिवशी विकत आणावीत. आपली माणसं जायची आहेत त्या नावेवर.

सगळ्यांत आधी कागद

लाकूड आणि इंजिन बिघडलेलं असेल, तर पैसा घालून सुधारता येतं. कागद बिघडलेले असतील, तर चांगली नावही आपली होत नाही. एक उदाहरण घ्या. विकणाऱ्याने सहकारी संस्थेमार्फत कर्ज काढून नाव बांधलेली असते. राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या योजनेतून अशी पुष्कळ कर्जं आपल्या किनाऱ्यावर दिली गेली. कर्ज फिटेपर्यंत नाव तारण असते. हप्ते थकतात, आणि विकणारा आपल्याला सांगतो, "ते आमचं आम्ही बघू." आपण साध्या कागदावर लिहून पैसे देतो. वर्षभराने वसुलीची नोटीस नावेवर येते. विकणारा पैसा खर्च करून मोकळा झालेला, आणि आपण कर्जातल्या नावेचे मालक! म्हणून संस्थेकडून किंवा बँकेकडून बाकी काही नसल्याचा दाखला हातात पडल्याशिवाय एक रुपया इसार देऊ नका. बाकी असेलच, तर ती रक्कम विकणाऱ्याच्या हाती न देता थेट कर्जखात्यात भरावी आणि तेवढी किमतीतून वजा करावी.

दुसरा कागद नोंदणीचा. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी 'कुबेर' नावाची मच्छीमार नाव पळवून आले होते. त्यानंतर नावांच्या नोंदणीकडे फार कडकपणे बघितलं जाऊ लागलं आणि देशभर एकसारखे क्रमांक आले. क्रमांकात देशाची आणि राज्याची अक्षरं असतात, आणि आतल्या इंजिनाच्या यांत्रिक नावेला 'एमएम' ही अक्षरं असतात. प्रमाणपत्रावरचा क्रमांक, नावेवर रंगवलेला क्रमांक आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक स्वतः ताडून बघा. इंजिन मधल्या काळात बदललं असेल, तर ती नोंद झाली आहे का तेही विचारा. नाव दुसऱ्या राज्यातून आणायची असेल, तर तिथल्या खात्याचं ना-हरकत पत्र लागेल. ते मिळवून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, असं ठरवून घ्यावं.

तिसरा कागद मासेमारीच्या परवान्याचा. नोंदणी आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली मिळतो. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा लाखांच्या घरात गेल्या. परवान्यात कोणत्या जाळ्याने मासेमारी करायची ते लिहिलेलं असतं. पर्ससीन जाळ्यांवर तर ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने कडक मर्यादा आलेल्या आहेत. तेव्हा "सगळी जाळी चालतात हो!" या तोंडच्या शब्दावर जाऊ नका. नाव विकत घेतली म्हणजे परवाना आपोआप आपल्या नावावर झाला असंही समजू नका. मत्स्यव्यवसाय खात्याच्या जवळच्या कार्यालयात इसार देण्यापूर्वीच चौकशी करावी. जायला दोन तास लागतात, पण त्यात पुढची दोन वर्षं वाचतात.

डिझेलवरच्या कराचा परतावा संस्थेमार्फत मिळतो आणि तो पुष्कळदा उशिरा येतो. मागच्या हंगामाचा राहिलेला परतावा कुणाचा, हेही करारात लिहावं. विम्याचे कागद बघावेत आणि मालक बदलल्यावर विमा आपल्या नावावर करून घ्यावा.

पैसे शक्यतो बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारायला आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे. "थोडे पांढरे, थोडे काळे" असं कुणी सुचवलं, तर उद्या भांडण झाल्यावर त्या काळ्या पैशाची पावती कुणाकडे मागणार?

आपलं नाव त्या नावेवर

आता थोडं स्पष्ट बोलू या. नावेवर रंगाने बायकोचं किंवा लेकीचं नाव लिहायची हौस पुष्कळांना असते. छान दिसतं ते. पण प्रमाणपत्रावर मालकाच्या जागी कुणाचं नाव आहे, ते जास्त महत्त्वाचं. स्त्रीधनावर पत्नीची संपूर्ण मालकी असते, ते नवऱ्याच्या हाती ठेवायला दिलं तरी त्याचं होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात दिला. आपलं सोनं मोडून नाव येत असेल, तर मालकीत आपलं नाव घालायला सांगणं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास नव्हे. दर्यावर जाणाऱ्या माणसाच्या घरात तर ही गोष्ट आधीच करून ठेवलेली बरी. वेळप्रसंगी नाव विकायची, कर्ज फेडायचं किंवा विम्याचा अर्ज करायचा झाला, तर नुसतं "मी त्यांची बायको" म्हणून कागद हलत नाहीत. दोघांच्या नावाने नोंदणी करायला काय कागद लागतील, हे त्याच कार्यालयात, त्याच फेरीत विचारून घ्या.

सोन्याची पावती, वजन, कोणत्या सराफाला किती रकमेला दिलं, हे एका वहीत लिहून ठेवा. भागीदारीत पैसा घालत असाल, तर भागीदारीचा लेखी करार करा. नातं जितकं जवळचं तितकी लिखापढी पक्की.

कर्ज काढायचं झालं, तर ते नावेचं आणि खर्चाचं वेगळं ठेवावं. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळाली, पण तो पैसा डिझेल-बर्फासारख्या खेळत्या खर्चासाठी असतो. त्यातून नाव घेतली, तर पहिल्या फेरीला हात रिकामे. २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिला लाभार्थींसाठी ६० टक्क्यांपर्यंत आणि सर्वसाधारण लाभार्थींसाठी ४० टक्क्यांपर्यंत साह्याची तरतूद ठेवली होती. अशा योजनांचा अर्ज करताना बाईच्या नावाने करण्यात काय फायदा आहे, हे विचारून घ्यावं. पण वापरलेल्या नावेला साह्य मिळेलच असं गृहीत धरून किंमत ठरवू नये.

इसार देण्यापूर्वी

ही यादी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा:

१. नोंदणी, परवाना आणि विमा, तिन्ही कागद मुळातून बघितले.
२. संस्था आणि बँक यांचा बाकी नसल्याचा दाखला हातात आला.
३. नावेवरचा, इंजिनावरचा आणि कागदावरचा क्रमांक जुळला.
४. आपल्या सुताराने तळ ठोकून बघितला.
५. इंजिन थंड असताना सुरू झालं आणि तासभर समुद्रात चाललं.
६. नावेबरोबर काय काय मिळणार त्याची यादी सही करून घेतली.
७. दुरुस्तीचा, उचलीचा आणि पहिल्या फेऱ्यांचा पैसा बाजूला आहे.
८. मालकीत कुणाकुणाची नावं असणार ते ठरलं.

यातली एकही गोष्ट राहिली असेल, तर कपाटाची किल्ली कमरेलाच राहू द्यावी. घरात कुणी रागावेल, एखादा दिवस अबोलाही धरेल. "अहो, नाव तर घ्यायचीच आहे, पण कागद बघून घेऊ," एवढंच शांतपणे म्हणावं. पुढच्या नारळी पौर्णिमेला हीच नाव गुलाल-पताका लावून पाण्यात उतरेल, तेव्हा नारळ वाढवायला आपण पुढे असू, आणि ती नाव कर्जातली नसेल.